सर्वसाधारण भाव म्हणजे सरासरी नव्हे

वडगाव रासाईला भीमाकाठी ऊस आणि कांदा. घरात कोणी बी.कॉम.ला असलं की 'स्टॅट' अवघड म्हणून कुरकुर ऐकू येते. त्याच घरात कांद्याची हिशोबपट्टी खुंटीला टोचलेली असते आणि निम्मा अभ्यासक्रम तिच्यावरच शिकता येतो.

गैरसमज पहिला: बाजारभावातला 'सर्वसाधारण दर' म्हणजे किमान आणि कमाल यांची सरासरी.

तसं नाही. ज्या भावाच्या आसपास जास्तीत जास्त माल विकला गेला, तो सर्वसाधारण दर. शाळेत आपण त्याला बहुलक म्हणतो. एखादं वक्कल चढ्या भावानं गेलं की कमाल दर वर जातो आणि गावभर त्याचीच चर्चा होते. बहुलक तिथल्या तिथंच राहतो.

गैरसमज दुसरा: तीन प्रतींचे भाव मिळवून तीननं भागले की आपला सरासरी भाव निघाला.

केडगाव उपबाजारात 50 क्विंटल कांदा नेला असं धरा. गोळा 5 क्विंटल 2,000 रुपयांनी, मध्यम 20 क्विंटल 1,400 नी, गोल्टी 25 क्विंटल 600 नी. भावांची साधी सरासरी 1,333 येते. पट्टीवर मात्र 53,000 रुपये, म्हणजे क्विंटलला 1,060. साध्या सरासरीवर विसंबून उधारीचे वायदे केले, तर साडेतेरा हजारांहून मोठा खड्डा. माल गोल्टीकडं झुकला की सरासरीही तिकडंच झुकते. ही भारित सरासरी. धंद्यात बहुतेक वेळा हीच लागते.

गैरसमज तिसरा: शितावरून भाताची परीक्षा होते, मग नमुना कुठूनही घ्या.

भात ढवळलेला असतो म्हणून ते जमतं. गोणीच्या तोंडाशी निवडक कांदा असतो, म्हणूनच व्यापारी गोणी ओतायला लावतो. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी 1911 साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी 1940च्या दशकात उत्पादन अजमावण्यासाठी केलेल्या पीककापणीबद्दल हेच दाखवून दिलं: फार लहान तुकडा कापला की कडेची झाडं आत मोजली जातात आणि उत्पादनाचा अंदाज फुगतो. असे लहान तुकडे कितीही वाढवले तरी ती चूक जात नाही.

टक्क्यांचं तर विचारूच नका. भाव 50 टक्के पडला आणि मग 50 टक्के चढला, तर 2,000 चे 1,500 च होतात.