परतून आलेल्यांची जागा: शिंदखेड्याहून पाहिलेला व्यावसायिक देवाणघेवाणीचा मागोवा

परदेशी व्यावसायिक देवाणघेवाणीची फेलोशिप ही पदवीसाठी मिळणाऱ्या शिष्यवृत्तीपेक्षा वेगळी असते. तिच्यात एखाद्या व्यवसायात किंवा सार्वजनिक कामात काही वर्षे मुरलेल्या माणसाला काही आठवडे किंवा महिने दुसऱ्या देशात नेले जाते, त्याच्याच क्षेत्रातले लोक तिथे काम कसे करतात हे त्याला दाखवले जाते, आणि परतल्यावर त्याने ते ज्ञान वापरावे व जोडलेले संबंध टिकवावेत एवढीच अपेक्षा ठेवली जाते. महाराष्ट्रातील अशा देवाणघेवाणीचा इतिहास बहुधा मुंबई-पुण्याच्या अंगाने सांगितला जातो. सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या, पाण्याची टंचाई पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या आणि ग्रामपंचायतीची नगरपंचायत होऊन फार काळ न लोटलेल्या शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावाहून पाहिले, तर त्याच इतिहासात एक वेगळा प्रश्न पुढे येतो. कोण गेले यापेक्षा परतल्यावर त्यांना काम करायला जागा कुठे मिळाली, हा तो प्रश्न होय. कारण देवाणघेवाणीचे फळ त्या जागेवर जितके अवलंबून राहिले तितके प्रवाशाच्या बुद्धिमत्तेवर राहिलेले दिसत नाही.

या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर आधुनिक महाराष्ट्राला फार लवकर मिळाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली आणि त्याबदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार करून घेतला. म्हणजे जाण्याची सोय, अभ्यासाचा विषय आणि परतल्यानंतरचे पद अशी तिन्ही अंगे कागदावर पूर्ण होती. तरीही १९१७ मध्ये आंबेडकर बडोद्यास रुजू झाले तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात राहायला घर मिळाले नाही, पारशी खाणावळीतला आसराही टिकला नाही आणि त्यांना मुंबईस परतावे लागले. संस्थानाने पद दिले होते, समाजाने उंबरठा दिला नाही. हेच बाबासाहेब पुढे १९३७ च्या जुलैअखेर एका खटल्याच्या निमित्ताने धुळ्यास आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर राहिले. त्या भेटीच्या आठवणीसाठी ३१ जुलैला तिथे दरवर्षी लोक जमतात. परदेशातून आणलेली विद्या कुठे रुजते आणि कुठे अडते याचा विचार खानदेशात करायचा झाल्यास आरंभासाठी याहून योग्य ठिकाण नाही.

याच्या उलट उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती पडली, तिचा प्रभाव १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेतील त्यांच्या अध्यक्षीय भाषणावर पडला आणि १९१६ मध्ये भारतीय महिला विद्यापीठ उभे राहिले. स्वतः कर्वे परदेशी गेले ते त्यानंतर तेरा वर्षांनी, १९२९ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर. इंग्लंड, जिनिव्हा, डेन्मार्कमधील एल्सिनोर येथील शिक्षण परिषदांना हजर राहून ते अमेरिकेस आणि तिथून जपानमार्गे मायदेशी आले. थोड्याच दिवसांत पूर्व व दक्षिण आफ्रिकेचाही दौरा त्यांनी केला. या सगळ्या फिरण्यात कर्व्यांच्या पाठीशी त्यांची स्वतःची संस्था होती, त्यामुळे जिथे जातील तिथे विचारायचे प्रश्न त्यांच्याजवळ तयार होते आणि मिळालेली उत्तरे, मदत व ओळखी ठेवण्यासाठी घरही तयार होते. आधी संस्था, मग प्रवास हा क्रम पुढच्या काळात फारसा कोणी पाळला नाही, हे नमूद केले पाहिजे.

खानदेशाला फेलोशिपची कल्पनाही परकी नव्हती. अमळनेरला प्रतापशेठ यांच्या देणगीतून १९१६ मध्ये स्थापन झालेल्या तत्त्वज्ञान मंदिरात बंगाल आणि दक्षिणेतले अभ्यासक निर्वाहवेतनावर येऊन राहत, वाचत, वाद करत आणि लिहीत. घनश्यामदास मलकानी, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती आणि काही काळ कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्या वास्तव्यामुळे गिरणीच्या या गावाचे नाव भारतीय तत्त्वज्ञानाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. साने गुरुजी याच मंदिरात अभ्यासाला आले होते आणि इथूनच ते प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. पुढे त्यांनी मांडलेली ‘आंतरभारती’ची कल्पना, म्हणजे एका प्रांतातल्या माणसांनी दुसऱ्या प्रांतातल्या घरांत राहावे, तिथली भाषा शिकावी आणि त्या घरांशी जन्माचे नाते जोडावे ही, देवाणघेवाणीचा खानदेशातून निघालेला स्वतंत्र विचार होय. राष्ट्रांमधील करारांच्या भाषेत तिचा उल्लेख क्वचितच होतो. घरात राहण्याला तिने दिलेले महत्त्व मात्र नंतरच्या काही आंतरराष्ट्रीय योजनांचाही कणा ठरले.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र झपाट्याने बदलले. अमेरिकेतील सिनेटर विल्यम फुलब्राइट यांच्या नावाचा कायदा १९४६ मध्ये झाला आणि भारताशी तसा करार फेब्रुवारी १९५० मध्ये झाला. फिलाडेल्फियातील नागरिकांनी १९५३ मध्ये आयझेनहॉवर फेलोशिप सुरू केली. १९७८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री यांच्या स्मरणार्थ मधल्या टप्प्यावरील व्यावसायिकांसाठी सुमारे दहा महिन्यांची, पदवी न देणारी फेलोशिप निघाली. या योजनांमागे शीतयुद्धातील मैत्री जोडण्याचा हेतू होता, हे त्या देशांनी कधी फारसे लपवले नाही आणि त्यामुळे त्यांचे मोल कमी होते असेही नाही. तालुक्याच्या दृष्टीने अडचण वेगळी होती. अर्ज इंग्रजीत, मुलाखत महानगरात आणि शिफारस करणारा माणूस विद्यापीठात किंवा मंत्रालयात, अशी ही वाट असल्याने शिंदखेडा, साक्री किंवा पारोळ्याच्या शिक्षकाला, वकिलाला अथवा नगरसेवकाला तिचा पत्ताच लागत नसे.

या वाटेने जाऊन पुन्हा खेड्यात परतलेल्यांत रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याचे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत गेले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कार्ल टेलर यांच्याकडे सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करताना त्यांनी परतल्यावर करायच्या कामाचा आराखडा तिथेच आखला आणि १९७० मध्ये नगर जिल्ह्यातील दुष्काळी जामखेड निवडले. त्यांच्या योजनेचा गाभा होता ग्राम आरोग्य सेविका. गावानेच निवडलेली, पुष्कळदा निरक्षर आणि दलित असलेली ही स्त्री आठवड्यातून ठरलेल्या दिवशी जामखेडला येई, बाळंतपण, जुलाब, ताप, बाळाचे वजन, विहिरीची स्वच्छता यांबद्दल शिके, मागच्या आठवड्यात गावात काय घडले ते सांगे आणि परत जाऊन घरोघर फिरे. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, लोकांनी स्वतः चालवलेल्या आरोग्यसेवांवरील पुस्तकात जामखेडचा समावेश झाला, १९७८ च्या आल्मा-आता येथील प्राथमिक आरोग्य परिषदेच्या विचाराला अशाच प्रयोगांचा आधार मिळाला आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला. त्यानंतर प्रवाहाची दिशा उलटली. आशिया, आफ्रिका आणि अमेरिकेतून डॉक्टर, परिचारिका आणि कार्यकर्ते शिकण्यासाठी जामखेडला येऊ लागले आणि त्यांना शिकवणाऱ्यांत त्या ग्राम आरोग्य सेविकाही होत्या. देवाणघेवाण या शब्दातला ‘देवाण’ हा अर्धा भाग खऱ्या अर्थाने पूर्ण झाला तो इथे, आणि महाराष्ट्राने या गोष्टीचा जितका अभिमान बाळगायला हवा तितका तो बाळगत नाही.

लहान गावांपर्यंत प्रत्यक्ष पोचू शकणारी योजना मात्र सरकारी नव्हती. रोटरी प्रतिष्ठानने १९६५ मध्ये ‘ग्रुप स्टडी एक्स्चेंज’ सुरू केले. त्यात दोन देशांतील दोन रोटरी प्रांतांची जोडी लावली जाई आणि एक रोटेरियन प्रमुख व रोटरीचे सभासद नसलेले, साधारण २५ ते ४० वर्षांचे चार व्यावसायिक असा चमू चार ते सहा आठवड्यांसाठी एकमेकांकडे पाठवला जाई. प्रवासखर्च प्रतिष्ठान करी आणि राहण्या-जेवण्याची व्यवस्था यजमान प्रांतातील कुटुंबे करीत. धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे दक्षिण गुजरातसह रोटरीच्या ३०६० क्रमांकाच्या प्रांतात मोडतात.  योजनेचे दोन नियम विशेष होते. पहिला असा की, सभासद आणि त्यांचे जवळचे नातलग चमूत जाऊ शकत नसत, त्यामुळे क्लबबाहेरच्या शिक्षिकेला, अभियंत्याला किंवा पत्रकाराला दार उघडे राही. दुसरा असा की, प्रत्येक पाहुण्याला त्याच्या व्यवसायाचे काम दाखवण्यासाठी वेगळे दिवस राखून ठेवले जात. म्हणजे पाणीपुरवठ्याचा अभियंता तिथल्या जलशुद्धीकरण केंद्रात, शिक्षिका शाळेत आणि वकील न्यायालयात दिवसभर आपल्या समव्यावसायिकाबरोबर राही, आणि संध्याकाळी ज्या कुटुंबात उतरला असेल त्यांच्याबरोबर जेवायला बसे. इंग्रजी बेताचे असले तरी कामाची भाषा दोघांना कळते, हे या रचनेचे बळ होते.

ही योजना २०१३ मध्ये बंद झाली आणि तिची जागा व्यावसायिक प्रशिक्षण चमूंनी घेतली. नव्या पद्धतीत चमूने ठरावीक कौशल्य शिकवावे किंवा शिकावे आणि त्याचा मोजता येईल असा परिणाम दाखवावा, अशी अट आली. हिशेबाच्या दृष्टीने हा बदल समर्थनीय असला, तरी आधीपासून प्रकल्प आखून ठेवण्याची ताकद असलेल्या मोठ्या क्लबांकडे तो झुकला, आणि नुसते पाहून येण्याची, डोळे उघडण्याची जी संधी लहान गावातल्या तरुण व्यावसायिकाला मिळू शकत होती ती कमी झाली. हे नुकसान ताळेबंदात दिसत नाही, पण ते झाले आहे.

शेतीच्या बाबतीत खानदेशाचा अनुभव अधिक सुखाचा आहे, आणि त्याचे कारणही संस्थाच. वाकोदमध्ये जन्मलेल्या भवरलाल जैन यांनी ऐंशीच्या दशकात परदेशी पाहिलेले ठिबक सिंचन जळगावात कारखान्याच्या, प्रात्यक्षिक शेताच्या आणि कर्जवाटपाशी जोडलेल्या विक्रीच्या रूपाने उभे केले; इस्रायलमार्गे आलेल्या ग्रँड नैन केळीच्या ऊतिसंवर्धित रोपांनी तापीकाठच्या केळीबागांचे रूप पालटले. शासनाचा कृषी विभागही शेतकऱ्यांच्या परदेश अभ्यास दौऱ्यांना अनुदान देतो आणि इस्रायल, नेदरलँड्ससारख्या देशांत शेतकरी जाऊन येतात. मात्र दौऱ्यावरून आलेल्या शेतकऱ्याने पाहिलेले तंत्र शिवारात वापरायचे तर त्याला रोपे, सुटे भाग आणि सल्ला देणारे कोणी जवळ हवे, आणि जळगावात ते होते म्हणूनच तिथे ते रुजले.

खानदेशातील सार्वजनिक कार्यकर्त्यांचा जगाशी संबंध आला तो मुख्यतः अर्जावाचून, केलेल्या कामाच्या बळावर. पारोळा तालुक्यातील बहादरपूरच्या नीलिमा मिश्रा यांना २०११ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांच्यामागे भगिनी निवेदिता ग्रामीण विज्ञान निकेतन या संस्थेतर्फे उभारलेले महिला बचत गटांचे जाळे आणि गावातल्या बायकांनी शिवलेल्या, बाहेरच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या गोधड्या होत्या. त्यांच्या घडणीची साखळी लक्षात घेण्याजोगी आहे. अमेरिकेत शिकून आलेले आणि पुढे हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम काढला, नीलिमाताईंनी तिथे काम करत धडे घेतले आणि मग त्या आपल्या गावी परतल्या. परदेशातली विद्या अशी दोन टप्प्यांत, पाबळच्या कार्यशाळेतून गाळली जाऊन बहादरपुरात पोचली. त्याच पाबळमध्ये २००२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडवण्याची छोटी कार्यशाळा, सुरू झाली, तेव्हा तिथल्या संशोधकांनाही मराठी खेड्यातल्या मुलांच्या गरजांवरून शिकायला मिळाले.

शिंदखेड्याला लागून असलेल्या साक्री तालुक्यातील बारीपाडा हे असेच दुसरे गाव. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी नव्वदीच्या दशकापासून जंगल राखले, तोडीवर दंड बसवला, पाणी अडवले, आणि तिथल्या बायका दरवर्षीच्या वनभाजी स्पर्धेत रानातल्या भाज्या रांधून मांडतात तेव्हा ते पाहायला देशी-परदेशी अभ्यासक येतात. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. बारीपाड्याकडे जग आले, कारण दाखवण्यासारखे काही तिथे होते आणि ते दाखवणारी ग्रामसमिती होती.

आता शिंदखेड्याचा विचार करताना परतलेल्याला काम करायला जागा हवी आणि जगाला दाखवण्यासारखे काम गावात हवे, हे दोन्ही धडे एकत्र धरावे लागतात. त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्या १९९३ मध्ये अमलात आल्यापासून गावाचे पाणी, गटारे, कचरा आणि रस्ते यांबद्दल निर्णय घेणारी माणसे नगरपंचायतीत आणि पंचायत समितीत बसतात, त्यांपैकी निम्म्या जागा राज्यात महिलांसाठी राखीव आहेत, आणि बुराईच्या कोरड्या पात्राचे काय करायचे हा प्रश्न परदेशातील कोरडवाहू गावांच्या प्रश्नापासून फार दूर नाही. तरीही आंतरराष्ट्रीय फेलोशिपची रचना या माणसांच्या मापाची नाही. पाच वर्षांच्या मुदतीसाठी निवडून आलेल्या नगरसेविकेला दहा महिने बाहेर राहणे परवडणारे नाही. मुख्याधिकारी बदलीवर असतो, त्यामुळे तो शिकून आला तरी ते शिक्षण दुसऱ्याच गावाच्या पदरात पडते. आणि जो खऱ्या अर्थाने गावात टिकतो, तो पाणीपुरवठ्याचा कर्मचारी, त्याचे नाव कोणत्याही निवड समितीपुढे जात नाही. १९२६ पासून नगरपालिका कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणारी मुंबईची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था किंवा पुण्याची यशदा यांच्यामार्फत तीन-चार आठवड्यांचे, मराठी दुभाषा बरोबर असलेले आणि त्याच गावातील नगरसेविका, अभियंता व पाणी सोडणारा कर्मचारी यांना एकत्र पाठवणारे चमू आखता येतील. रोटरीच्या जुन्या योजनेने घरात राहण्याची आणि समव्यावसायिकाबरोबर दिवस घालवण्याची पद्धत अठ्ठेचाळीस वर्षे चालवून दाखवलेली आहे. नगरपंचायतीने अशा चमूच्या परतीनंतर अंदाजपत्रकात एक शीर्षक आणि एका वर्षाचे काम आधीच राखून ठेवले, तर बडोद्यात १९१७ मध्ये जे नाकारले गेले आणि जामखेडमध्ये १९७० नंतर जे मिळाले, त्यांतले दुसरे शिंदखेड्याच्या वाट्याला येण्याची शक्यता निर्माण होते.