हाक आणि विश्वास : भित्र्या पिल्लाच्या संगोपनातील एक भाषिक विचार

कुत्र्याशी बोलण्यासाठी मराठी भाषकांपाशी काही ठराविक ध्वनी आहेत. जवळ बोलाविताना 'यू यू' म्हणतात, अंगावर सोडताना 'छू', आणि हाकलताना 'हाड'. व्याकरणाच्या दृष्टीने हे केवलप्रयोगी अव्ययांच्या सीमेवरचे शब्द होत. तथापि भित्रे पिल्लू घरी आणणाऱ्याने त्यांचा विचार करणे अगत्याचे आहे. कारण पिल्लाचा धन्यावरील विश्वास पुष्कळ अंशी त्याला मारलेली हाक खरी ठरते की खोटी, यावर अवलंबून असतो.

प्रथम भित्रेपणाचे मूळ पाहू. वयाच्या सुमारे तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या जडणघडणीत निर्णायक असतो. फ्रीडमन, किंग आणि एलियट या अमेरिकी संशोधकांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही पिल्ले कुंपणाच्या आवारात माणसांपासून दूर वाढविली होती. चौदा आठवडे मनुष्यसहवास न मिळालेली पिल्ले पुढे माणसाळविणे अत्यंत कठीण गेले. धुळे जिल्ह्यातील ठेलारी मेंढपाळांच्या वाड्यावर जन्मलेले पिल्लू माणसे, मुले आणि मेंढ्या यांच्या गजबजाटातच डोळे उघडते. याउलट जळगावकडील एखाद्या केळीच्या मळ्यात, गोठ्यामागे जन्मलेले पिल्लू दोन-तीन महिने माणसाचा हात न लागताही वाढू शकते. आणि गावात शिरताच त्याच्या कानी पडणारा पहिला शब्द बहुधा 'हाड' हाच असतो. असे पिल्लू खाटेखाली दडून बसले, तर तो त्याचा दुर्गुण नव्हे. काही भित्रेपणा आनुवंशिकही असतो. वय उलटून गेले असले तरी सुधारणा होते. मात्र ती सावकाश होते.

आता हाकेच्या स्वरूपाकडे वळू. पॅट्रिशिया मॅकॉनेल या संशोधिकेने निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या प्राणिशिक्षकांचे संकेत ध्वनिमुद्रित केले. प्राण्यास चालना देणारे संकेत भाषा कोणतीही असली तरी आखूड व पुनरावृत्त असतात, असे तीस आढळून आले. आणि पिल्लांना जवळ येण्यास शिकविताना असे चढत्या सुराचे आखूड ध्वनी एकाच लांब, उतरत्या ध्वनीपेक्षा अधिक परिणामकारक ठरले. आपले 'यू यू यू' याच जातीचे आहे. 'हाड' हा एकच, ठासून उच्चारलेला शब्द त्याच्या उलट टोकास आहे.

परंतु सूर म्हणजे सर्वस्व नव्हे. बुडापेस्ट येथील संशोधकांनी २०१६ साली दाखविले की, स्तुतीचा शब्द आणि स्तुतीचा सूर एकत्र आले असतानाच कुत्र्याच्या मेंदूतील सुखकेंद्र विशेष जागृत होते. शब्दाला अर्थ संकेताने प्राप्त होतो, आणि संकेत समाज पाळतो म्हणून टिकतो, हा भाषाशास्त्राचा सामान्य सिद्धान्त आहे. धनी आणि पिल्लू हा दोघांचाच भाषिक समाज होय, व त्यातील संकेत पाळण्याची जबाबदारी सर्वस्वी एकाची आहे. 'यू यू' करून जवळ बोलाविले आणि मानगूट धरून आंघोळ घातली, किंवा मागील खोडीबद्दल मारले, की 'यू यू'चा अर्थ 'हाड' असा होतो. तो पुन्हा पालटण्यास आठवडे लागतात.

यावरून आचरणाचे नियम सहज निघतात. पहिले काही दिवस पिल्लास घरातील एक शांत कोपरा द्यावा आणि तेथून त्यास कोणीही ओढून काढू नये. धन्याने काही अंतरावर जमिनीवर, त्याच्याकडे बाजू करून बसावे. टक लावून पाहू नये. हलकेच हाक मारावी व लगेच भाकरीचा तुकडा त्याच्या दिशेने टाकावा. हाक आधी, तुकडा नंतर, हा क्रम मोडू नये. पिल्लू आपण होऊन जवळ आले, म्हणजे हात डोक्यावरून न नेता हनुवटीखाली अथवा छातीशी न्यावा, आणि ते मागे सरल्यास हातही मागे घ्यावा. औषध देणे वा आंघोळ घालणे असेल, तेव्हा हाक न मारता आपणच त्याच्यापाशी जावे. भ्यालेल्या पिल्लास जवळ घेतल्याने भीती वाढते, ही समजूत निराधार आहे.

खानदेशात एक विशेष अडचण संभवते. मळ्यावर 'आठे ये' ही अहिराणी हाक ऐकलेले पिल्लू शहरातील घरी 'इकडे ये' ऐकू लागते. परिचित व अपरिचित भाषांतील भेद कुत्र्याच्या मेंदूस कळतो, असे स्पॅनिश व हंगेरियन या भाषांच्या साहाय्याने केलेल्या प्रयोगात आढळले आहे. म्हणून घरातील सर्वांनी आरंभी एकच हाक ठरवावी, आणि शक्य तर ती पिल्लाच्या पूर्वपरिचयाची असावी.

अन्नापेक्षाही स्पर्शाचे मोल अधिक ठरू शकते. बंगालमधील मोकाट कुत्र्यांवरील २०१७ च्या अभ्यासात, वारंवार कुरवाळणाऱ्या अनोळखी व्यक्तीशी कुत्र्यांची जवळीक खाऊ देणाऱ्यापेक्षा अधिक वाढलेली दिसली.

लग्नाचा बँड, दिवाळीचे फटाके, मालमोटारींचे भोंगे यांची सवय दुरून, मंद आवाजापासून व खाऊसोबत करावी. लसी पुऱ्या होईपर्यंत पिल्लास रस्त्यावर न सोडता कडेवर घेऊन जग दाखवावे; रेबीजची लस साधारणतः तीन महिन्यांच्या वयात टोचून घ्यावी. खाणे सुटले, तर पशुवैद्यास दाखवावे.

भीतीपोटी चावणारे कुत्रे अखेरीस घरातून हाकलले जाते, आणि त्याचा चावा बहुधा एखाद्या लहान मुलास सोसावा लागतो. हा अनर्थ टाळण्याचा मार्ग साधा आहे : आपण जी हाक मारतो, ती प्रत्येक वेळी खरी करून दाखविणे.