पांढऱ्या धातूचा दागिना : पारख आणि निवड

आपल्या घरांतून दागिना म्हणजे पिवळे सोने, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तथापि आताशा साखरपुड्याच्या अंगठीला व हिऱ्याच्या कुड्यांना मुलेमुली पांढरा धातू मागतात. त्यांच्या आवडीस नावे ठेवण्याचे कारण नाही. पिवळ्या कोंदणाची झाक पांढऱ्या हिऱ्यात उतरते, हे खरेच आहे. परंतु पांढरे दिसणारे सारे एक नव्हे. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय धान्याचा. पण वाण ओळखल्यावाचून भाव बोलू नये, हा नियम दोन्ही पेढ्यांवर सारखाच.

चांदी : शुद्ध चांदी मऊ असते. म्हणून दागिन्यासाठी बहुधा हजारात ९२५ भाग चांदी व बाकी तांबे घेतात. ती शुभ्र व स्वस्त खरी. पण हवेतील गंधकाच्या अंशाने काळवंडते आणि लवकर झिजते. पैंजण-जोडव्यांस ती उत्तम. नित्य वापरावयाच्या हिऱ्याच्या अंगठीस नव्हे.

पांढरे सोने : हा निराळा धातू नव्हे. सोन्यात पॅलेडियम किंवा निकेल मिसळून त्याचा पिवळेपणा मारतात. १८ कॅरटमध्ये हजारात ७५० भाग सोने असते. २२ कॅरटमध्ये हे साधत नाही, कारण रंग पालटण्याइतक्या दुसऱ्या धातूस त्यात जागाच उरत नाही. वरची चकाकी बहुधा ऱ्होडियमच्या मुलाम्याची असते. मुलामा वापराने विरतो, पिवळसर छटा डोकावते व तो पुन्हा चढवावा लागतो. निकेलने काहींच्या त्वचेस पुरळ उठते. सबब मिश्रण कशाचे, हे आधी विचारावे.

प्लॅटिनम : दागिन्यात हा सामान्यतः हजारात ९५० भाग असतो. मूळचाच पांढरा असल्याने त्यास मुलामा लागत नाही, आणि तो काळवंडतही नाही. ओरखडे पडतात, पण त्यात धातू फारसा झडत नाही, बाजूस सरकतो. म्हणून हिरा दीर्घकाळ घट्ट राहतो. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, तर प्लॅटिनम १७६८ अंशांना. त्यामुळे त्याची घडण व दुरुस्ती प्रत्येक सोनाराकडे होत नाही, आणि घडणावळही अधिक पडते.

पायलीभर ज्वारी आणि पायलीभर लाह्या यांचे माप एक, वजन निराळे. तसेच एकाच घाटाची अंगठी १८ कॅरट सोन्यापेक्षा प्लॅटिनममध्ये सुमारे तिसऱ्या हिश्श्याने जड भरते. म्हणून ग्रॅमच्या भावाची तुलना करू नये. तयार नगाची एकूण किंमत ताडून पाहावी. भावाचाही भरवसा नसतो. मार्च २००८ मध्ये प्लॅटिनम सोन्याच्या दुपटीने महाग होते. २०१५ नंतर सोन्याने त्यास मागे टाकले. मोडीच्या वेळी प्लॅटिनमचे गिऱ्हाईक थोडे. सबब परत घेताना किती घट धरणार, हे खरेदीच्या दिवशीच लिहून घ्यावे.

सोन्याच्या दागिन्यांना २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्कची सक्ती झाली आहे. पांढऱ्या सोन्यावरही मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा व सहा अक्षर-अंकांचा क्रमांक पाहावा. प्लॅटिनमवर ‘पीटी ९५०’ हा ठसा पाहावा आणि पक्क्या बिलात धातूचे नाव, शुद्धता, निव्वळ वजन व हिऱ्याचे वजन वेगवेगळे मांडून घ्यावे.

सारांश, नित्य वापराच्या हिऱ्यास प्लॅटिनम, मोड महत्त्वाची वाटत असल्यास पांढरे सोने, आणि हौसेस चांदी. आपल्या सराफ बांधवांस एकच विनंती. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोट्या मापाबरोबर प्रतिरूपक-व्यवहारही, म्हणजे एक दाखवून दुसरे देणेही, गणलेला आहे. पांढऱ्या रंगाखाली ही चूक सहज झाकली जाते. म्हणून गिऱ्हाइकाने विचारण्यापूर्वीच धातूचे खरे नाव सांगावे. पेढीची पत त्यानेच वाढते.