कासवाला बरणी नको, घर हवे

बाजारातून पोराने हट्टाने आणलेले रुपयाएवढे हिरवे कासव हल्ली आपल्या वस्तीतल्या घरांतही दिसते. डोळ्यामागे लाल पट्टा, काचेच्या बरणीत चार बोटे पाणी आणि तळाशी रंगीत खडे. कोणी म्हणते, कासव घरात असले की बरकत येते. बंधू-भगिनींनो, ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. बरकत श्रमाने आणि शिक्षणाने येते, बरणीत कोंडलेल्या मुक्या जीवाने नव्हे.

हे कासव मूळचे अमेरिकेतले. ते कायम रुपयाएवढे राहत नाही. मादीचे कवच दहा-बारा इंचांपर्यंत वाढते आणि नीट सांभाळले तर ते वीस-तीस वर्षे जगते. म्हणजे आज चौथीत असलेला मुलगा बापमाणूस होईल, तरी कासव घरात असेल. तेवढी तयारी नसेल तर ते आणूच नये. आपल्या नद्या-तळ्यांतली कासवे व चांदणी कासव पकडणे, विकणे, पाळणे हा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. विदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम वनखात्याच्या कार्यालयात विचारून घ्यावेत.

परंतु जे घरात आलेच आहे, त्याचे काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करून त्यांचे पालन करण्याचीही एक प्रतिज्ञा आहे. केवळ दया वाटून भागत नाही, पालन करावे लागते. त्यासाठी महागडी काचपेटी लागत नाही.

भंगारवाल्याकडून २०० लिटरचे निळे प्लास्टिकचे पिंप आणावे. रसायनाचे पिंप घेऊ नये, खाद्यपदार्थाचेच पाहून घ्यावे. ते उभे चिरून अर्धे करावे. कापलेल्या धारेवर जुना रबरी पाइप चिरून बसवावा, म्हणजे हात कापत नाही. दोन्ही बाजूंना विटा लावल्या की ते डगमगत नाही. आत सहा-सात इंच पाणी भरावे. हे पाणी ५० लिटरच्या आसपास, म्हणजे ५० किलोचे ओझे होते. तेव्हा जुन्या लाकडी गॅलरीऐवजी भक्कम जागा निवडावी. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच भरावे.

एका टोकाला विटांवर खडबडीत फरशी तिरकी ठेवावी. कासवाला पाण्याबाहेर पूर्ण कोरडे होऊन ऊन खाता आले पाहिजे. उन्हातल्या अतिनील किरणांविना त्याच्या अंगी चुना लागत नाही आणि कवच मऊ पडते. खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत, म्हणून सकाळचे थेट ऊन हवे. मात्र अर्ध्या भागावर गोणपाटाची सावली ठेवावी, नाहीतर पाणी तापून जीव जाईल. वर लाकडी चौकटीला ठोकलेली जाळी असली की कावळा, मांजर, घूस यांचे भय नाही.

कासव पाण्यातच गिळते. त्याला बारीक मासे व कोवळा पाला द्यावा, भात-चपाती देऊ नये. काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस पाण्यात टाकला तर तो कुरतडून त्याला चुना मिळतो. दिवसाआड अर्धे आणि आठवड्याला सगळे पाणी बदलावे. ते फुलझाडांना घालावे, स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नये. पाइप तोंडाने ओढू नये. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. म्हणून हात लावल्यावर साबणाने धुवावेत आणि पाच वर्षांखालील मुलांच्या हाती ते देऊ नये.

कवच चार इंचांपुढे गेले की मोठी जुनी टाकी पाहावी. आणि कंटाळा आला म्हणून त्याला तळ्यात सोडू नये. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत याचे नाव आहे. ते इथल्या कासवांचा घास आणि उन्हाची जागा बळकावते. असे सोडणे म्हणजे जीवदान नव्हे, एकाला वाचवताना दहांचा घात आहे. सांभाळणे अशक्यच झाले तर वनखात्याला किंवा प्राणिमित्र संस्थेला विचारावे.

येत्या रविवारी मुलांना हाताशी घेऊन हे घर बांधा. पाणी बदलण्याची पाळी त्यांच्यावरच सोपवा. पंचशीलातले पहिले शील मुलांना पाठ असतेच. ते रोज पाळायचे कसे, हे त्या पिंपाशी त्यांना कळेल.