रस्ता हाताला कळतो कसा?

नांदुऱ्यात १०५ फुटी हनुमानाच्या मूर्तीजवळून जाणाऱ्या महामार्गावर ट्रकवाल्याला रस्त्याचा खडबडीतपणा स्टिअरिंगमधूनच कळतो. रेसिंग गेममध्ये हे काम कॉम्प्युटरला जोडलेल्या स्टिअरिंगच्या आतली मोटर करते. ‘असेटो कोर्सा’सारखा गेम टायरांवरचा जोर सतत मोजतो आणि त्या हिशेबाने स्टिअरिंग हाताच्या विरुद्ध ओढतो. वळणावर पुढच्या टायरांची पकड सुटू लागली की स्टिअरिंग एकदम हलकं पडतं. वेग आवरायचा तो तिथेच. कीबोर्डवर यातलं काहीच कळत नाही. बटण एक तर दाबलेलं, नाही तर सोडलेलं! लॉजिटेकचं जी२९ हे स्टिअरिंग तर ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे फिरतं. ब्रेक मारल्यावर अंग पुढे फेकलं जातं, तो धक्का मात्र घरच्या खुर्चीत मिळत नाही. म्हणूनच खरी गाडी चालवणाऱ्याचाही सुरुवातीला गेममध्ये ब्रेकचा अंदाज चुकतो.