छायाचित्रणाच्या साहित्याचा विमा

पुण्याहून अहिल्यानगरास येणारा रस्ता शहरांत शिरण्यापूर्वीं केडगांवांतून जातो. एके काळीं वेगळें असलेलें हें गांव आतां महानगरपालिकेच्या हद्दींत आलें आहे. परंतु आश्विनांत रेणुकामातेच्या देवळाशीं नवरात्राची यात्रा भरूं लागली म्हणजे त्याचें जुनें गांवपण पुन्हां दिसूं लागतें. या यात्रेंत काय, वैशाखांतील लग्नांत काय किंवा भाद्रपदांतील मिरवणुकींत काय, गळ्यांत कॅमेरा अडकविलेला तरुण हटकून दृष्टीस पडतो. हा केडगांवचा छायाचित्रकार आज शहरांत, उद्यां पारनेरास, परवां श्रीगोंद्यास असा मोटारसायकलवरून हिंडत असतो. त्याच्या पाठीवरील पिशवींत एक कॅमेरा, दोन तीन भिंगें व प्रकाशदिवे एवढेंच साहित्य असलें तरी त्याची किंमत सहज कांहीं लाखांच्या घरांत जाते, आणि पुष्कळदां तें कर्ज काढून घेतलेलें असतें. घोड्यापुढें नाचणाऱ्या वऱ्हाडाचा एक धक्का लागला आणि भिंग फरशीवर आपटलें, तर त्या हंगामाची मिळकत एका क्षणांत गेली असें समजावें. कर्जाचा हप्ता मात्र चुकत नाहीं.

महाराष्ट्रांत कॅमेरा आणि विमा यांचा संबंध एका प्रसिद्ध प्रसंगानें जोडला गेलेला आहे. १९१२ सालीं दादासाहेब फाळके चित्रपटाची विद्या व सामुग्री मिळविण्यासाठीं लंडनला गेले, ते आपल्या आयुष्याच्या विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून उभारलेल्या पैशांवर. तेथून आणलेल्या कॅमेऱ्यानें घेतलेला ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ च्या मे महिन्यांत मुंबईच्या प्रेक्षकांपुढें आला. विम्यानें कॅमेरा मिळवून दिला तो असा. कॅमेऱ्याचाच विमा उतरविण्याची गोष्ट निघाली म्हणजे मात्र आजही चांगल्या शिकल्यासवरल्या घरांत दोन ठरलेलीं उत्तरें ऐकूं येतात. ‘कॅमेऱ्याला दोन वर्षांची हमी आहे’, हें एक. आणि ‘घराचा विमा उतरविलेलाच आहे’, हें दुसरें. हीं दोन्ही उत्तरें फसवीं आहेत.

कारखानदाराची हमी ही घडणींतील दोषाबद्दल असते. आपोआप बंद पडलेला पडदा कारखाना दुरुस्त करून देतो. जिन्यावरून घसरून पडलेला कॅमेरा देत नाहीं. ज्या कॅमेऱ्याची जाहिरात पावसाचे शिंतोडे सोसणारा म्हणून केलेली असते, त्याच्याही हमीपत्रांत पाणी शिरून झालेलें नुकसान बहुधा वगळलेलें आढळतें. जाहिरात मोठ्या अक्षरांत असते व हमीपत्र बारीक अक्षरांत, एवढाच काय तो फरक!

घराच्या विम्याचा प्रकार निराळा आहे. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणानें सर्व कंपन्यांस घरासाठीं ‘भारत गृह रक्षा’ या नांवाची एकाच नमुन्याची पॉलिसी विकावयास लावली आणि छोट्या धंद्यांसाठीं ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही दुसरी ठरवून दिली. दोन्ही पॉलिसी आपापल्या जागीं उपयुक्त आहेत. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दंगल अशीं जीं संकटें त्यांत नांवानिशीं लिहिलेलीं आहेत, तीं घरावर किंवा दुकानावर कोसळलीं तर त्यांची भरपाई मिळते. परंतु हातांतून वस्तू निसटणें हें त्या यादींत नाहीं. आणि हा विमा मुख्यतः घराच्या अथवा दुकानाच्या चार भिंतींना धरून असतो. छायाचित्रकाराचा कॅमेरा तर दिवसभर भिंतींच्या बाहेरच असावयाचा. महाबळेश्वरास सहलीला गेलेल्या गृहस्थाचीही हीच स्थिति होते.

म्हणून फिरत्या साहित्यासाठीं वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. विमेवाले तिला ‘ऑल रिस्क’ म्हणजे सर्व जोखमींची पॉलिसी म्हणतात. धंद्याच्या साहित्यासाठीं विद्युत्-उपकरणांच्या पॉलिसीला फिरत्या साहित्याचें कलम जोडूनही तें काम भागतें. घराच्या पॉलिसींत संकटांची यादी असते व यादींत असेल तेवढेंच मिळतें. येथें उलट असतें: जें वगळलें नाहीं तें सर्व मिळतें. त्यामुळें हिच्या बाबतींत वाचण्याचा भाग म्हणजे वगळलेल्या गोष्टींचा. आणि नेमका तोच बहुतेक लोक वाचीत नाहींत.

या वगळण्यामागें एक साधें तत्त्व आहे. विमा हा अपघाताचा असतो, झिजेचा नसतो. अपघात म्हणजे अकस्मात्, बाहेरील कारणानें आणि मालकाच्या इच्छेवांचून घडलेली हानि. केव्हां तरी निश्चित होणार अशा गोष्टीचा विमा कोणी उतरवीत नाहीं. व्याख्या ऐकावयास सोपी आहे, पण केडगांवच्या छायाचित्रकाराच्या एका वर्षावर ती लावून पाहिली म्हणजे तिच्या कडा कोठें धूसर होतात तें कळतें. लग्नाच्या मांडवांत तिपाई उलथून कॅमेरा फुटला, तर तो उघड अपघात. पावसाळ्यांत कपाटांत पडून राहिलेल्या भिंगावर बुरशीचें जाळें चढलें, तर तो अपघात नव्हे. बुरशी, गंज, हवेंतील दमटपणा यांचा परिणाम पॉलिसींत बहुधा स्पष्ट शब्दांनीं वगळलेला असतो. नगरची कोरडी हवा या बाबतींत कोंकणापेक्षां दयाळू आहे. धुळीच्या बाबतींत मात्र नाहीं. गणेशविसर्जनाच्या मिरवणुकींत वर्षानुवर्षें गुलाल उडत राहतो, त्याचे कण भिंगाच्या सरकत्या नळींत साठत जातात आणि एके दिवशीं ती नळी अडकते. मालकास हा त्या दिवशींचा अपघात वाटतो. विमा कंपनी त्यास झीज म्हणते, आणि या वादांत तिची बाजू बळकट असते. परंतु त्याच मिरवणुकींत कोणी गुलालाची पोती सरळ कॅमेऱ्यावर उपडी केली व तो तत्काळ बंद पडला, तर प्रसंग, वेळ व कारण हीं तीनही दाखवितां येतात. मग पारडें मालकाकडे झुकतें.

अलीकडे मिरवणुकींत लेसरचे झोत सोडण्याची नवी रीत निघाली आहे. डोळ्यांना होणारा अपाय लक्षांत घेऊन पुण्याच्या पोलिसांनीं २०२४ च्या गणेशोत्सवांत त्यांवर बंदी घातली होती. असा झोत थेट भिंगांत शिरला तर प्रतिमा टिपणारा सेन्सर क्षणांत भाजतो आणि त्यानंतरच्या प्रत्येक चित्रावर रेघ किंवा ठिपका उमटूं लागतो. कॅमेरे बनविणारे कारखानदारही याविषयीं इशारा देतात. ही हानि अकस्मात् आहे, बाहेरून आलेली आहे. पण कांहीं पॉलिसींत विजेचा अथवा यंत्राचा अंतर्गत बिघाड वगळलेला असतो, आणि सेन्सर जळणें हें त्यांतच ढकलण्याचा मोह कंपनीस होऊं शकतो. मिरवणुकीचीं चित्रें घेणाऱ्यानें पॉलिसी घेण्यापूर्वींच हा प्रश्न लेखी विचारावा व उत्तरही लेखी घ्यावें. एजंटाच्या तोंडी आश्वासनाला पुढें किंमत राहत नाहीं.

चोरीच्या बाबतींत तर शब्दांनाच सारें महत्त्व असतें. पॉलिसींत ‘बळजबरीनें प्रवेश करून’ झालेली चोरी असा शब्दप्रयोग असेल, तर कुलूप तुटल्याची किंवा कांच फुटल्याची खूण दिसली पाहिजे. २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें युनायटेड इंडिया विमा कंपनीच्या एका खटल्यांत हेंच सांगितलें: घरफोडीच्या पॉलिसींत बळाचा वापर ही अट घातलेली असेल, तर साध्या चोरीवर तिच्यांतून भरपाई मागतां येत नाहीं, पॉलिसीचे शब्द जसे आहेत तसेच वाचले पाहिजेत. लग्नघरीं जेवणाच्या पंगतीला बसतांना खुर्चीवर ठेवलेली पिशवी नाहींशी झाली, तर ती चोरी खरीच. पण ती कोणत्या पॉलिसींत बसते हें अगोदर पाहिलें पाहिजे. कुलूप न लावलेल्या मोटारींतून गेलेल्या साहित्याचेंही तसेंच.

याहून नाजूक गोष्ट भाड्याची आहे. हंगाम नसतांना कॅमेरा किंवा महागडें भिंग दुसऱ्यास दिवसाच्या भाड्यानें देण्याची चाल छायाचित्रकारांत सर्वत्र आहे. घेणारा तें परत करीत नाहीं, दूरध्वनी बंद करतो आणि दुसऱ्या शहरांत जाऊन विकून टाकतो, असे प्रकार घडतात. मालकाच्या लेखीं ही चोरी असते. कायद्याच्या लेखीं मात्र ज्याच्या हातीं आपण होऊन वस्तू सोंपविली त्यानें केलेला तो अपहार असतो, आणि सामान्य पॉलिसी त्याची जबाबदारी घेत नाहीं. भाड्यानें देण्याचाच ज्यांचा धंदा आहे, त्यांनीं ही गोष्ट प्रस्तावांत उघड लिहावी. विम्याचा करार परस्परांच्या पूर्ण सचोटीवर उभा असतो. घरगुती हौसेचा कॅमेरा म्हणून कमी हप्ता भरावयाचा आणि लग्नें करावयाचीं, हें भरपाईच्या वेळीं उघडकीस आल्यावांचून राहत नाहीं.

सर्वांत अधिक लोक फसतात ते रकमेंत. हप्ता वांचावा म्हणून साहित्य कमी किमतीचें दाखविण्याकडे कल असतो. समजा, एखाद्याचें साहित्य आज नवें घ्यावयाचें तर ४ लाख रुपये पडतील आणि त्यानें विमा २ लाख ५० हजारांचा उतरविला. पुढें एक भिंग फुटून दुरुस्तीस ४० हजार लागले. विम्याची रक्कम ४० हजारांहून पुष्कळच मोठी आहे, तेव्हां सारे मिळतील अशी त्याची समजूत असते. परंतु ज्या पॉलिसींत प्रमाणाचें कलम असतें तींत कंपनी असें म्हणते कीं, साहित्याच्या आठ हिश्शांपैकीं पांचच हिश्शांचा विमा आमच्याकडे आहे, उरलेल्या तीन हिश्शांचे विमेवाले तुम्हीच. म्हणून ४० हजारांचे २५ हजार होतात. त्यांतून विमेदारानें स्वतः सोसावयाची रक्कम, समजा अडीच हजार, वजा जाते आणि हातीं २२ हजार ५०० येतात. वांचविलेल्या हप्त्याचा हिशेब अशा वेळीं कोणासही आठवत नाहीं. रक्कम नव्या साहित्याच्या आजच्या किमतीवरून धरावी व दर वर्षीं नूतनीकरणाच्या वेळीं ती तपासावी. वस्तू पार निकामी झाली तर घसारा वजा होतो कीं नाहीं, हेंही विचारून ठेवावें. दुरुस्तींत घसारा न कापणारी पॉलिसी पूर्ण नुकसानींत तो कापूं शकते.

हप्ता चेकनें दिला आहे किंवा ‘संध्याकाळीं पाठवितों’ म्हटलें आहे, एवढ्यावर विसंबून लग्नास निघूं नये. १९३८ च्या विमा कायद्याच्या ६४ व्हीबी या कलमान्वयें हप्ता पदरांत पडल्यावांचून कंपनीनें जोखीम पत्करावयाची नसते.

अपघात झालाच तर पहिली चूक होते ती घाईची. दुसऱ्या दिवशीं दुसरें लग्न असतें, म्हणून फुटलेला कॅमेरा तडक दुरुस्तीस जातो आणि पाहणीदार येतो तेव्हां पाहण्यासारखें कांहीं उरलेलें नसतें. आधीं कंपनीस कळवावें, फुटलेल्या वस्तूचीं सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावींत, तुकडेही जपून ठेवावे, चोरी असेल तर पोलिसांत तत्काळ फिर्याद द्यावी. खरेदीचें बिल व प्रत्येक वस्तूचा क्रमांक पॉलिसींत लिहिलेला असला म्हणजे निम्मा वाद संपतो. जुनें साहित्य बाजारांतून बिलावांचून घेणाऱ्यांची येथें फार अडचण होते. कळविण्यास थोडा उशीर झाला एवढ्याच कारणावरून खरा दावा यांत्रिकपणें फेटाळूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं एका मालमोटारीच्या चोरीच्या खटल्यांत म्हटलें आहे. तरी त्या निकालाच्या भरंवशावर उशीर करणें शहाणपणाचें नाहीं.

कंपनीनें नकार दिला किंवा तक्रारीस महिनाभर उत्तर दिलें नाहीं, तर विमा लोकपालाकडे जातां येतें. तेथें फी लागत नाहीं, वकील लागत नाहीं, आणि एकट्याच्या मालकीच्या छोट्या धंद्यालाही दाद मागण्याची मुभा २०१७ च्या नियमांनीं दिली आहे. अहिल्यानगरच्या लोकांसाठीं हें कार्यालय पुण्यास आहे. ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा. पोट भरण्यासाठीं स्वतः कॅमेरा चालविणारा मनुष्य धंदेवाईक असला तरी २०१९ च्या कायद्याप्रमाणें ग्राहकच ठरतो, आणि त्यास आपल्या राहत्या जिल्ह्यांतच तक्रार दाखल करतां येते.

ड्रोनचा प्रकार अगदीं निराळा. २०२१ च्या नियमांप्रमाणें २५० ग्रॅमपर्यंतचीं अगदीं लहान यंत्रें वगळतां इतरांस तिऱ्हाइताच्या हानीचा विमा सक्तीचा आहे. तो ज्याच्या डोक्यावर ड्रोन पडेल त्याच्यासाठीं असतो, मोडलेल्या ड्रोनसाठीं नव्हे. त्याची पॉलिसी वेगळी.

एक वस्तू मात्र या सर्व पॉलिसींच्या बाहेर राहते, ती म्हणजे खुद्द छायाचित्रें. सप्तपदीचीं चित्रें ज्या कार्डावर होतीं तें कार्ड हरवलें, तर कंपनी फार तर कोऱ्या कार्डाची किंमत देईल. सप्तपदी पुन्हां होत नाहीं, आणि वधूपित्यानें भरपाई मागितली तर ती जबाबदारीही साहित्याच्या विम्यांत येत नाहीं. तिच्यासाठीं धंद्यांतील दायित्वाचा स्वतंत्र विमा लागतो, जो लहान गांवांत क्वचितच कोणी घेतो. म्हणून जाणते छायाचित्रकार एकाच वेळीं दोन कार्डांवर चित्र उतरविणारा कॅमेरा वापरतात, मांडवांतून निघतांना एक कार्ड पिशवींत व दुसरें अंगावरील खिशांत ठेवतात, आणि रात्रीं कितीही उशीर झाला तरी जेवणापूर्वीं त्यांची नक्कल घरच्या संगणकावर उतरवून घेतात.