‘आवाज भारी आहे बाप्पा, रेडिओत जाय!’

गणेशोत्सवात एखाद्या पोरानं बरं सूत्रसंचालन केलं, की मांडवातून बाहेर पडायच्या आत त्याला चार जण सांगतात, ‘आवाज भारी आहे बाप्पा तुहा, रेडिओत जाय!’ जायचं कसं, हे त्या चौघांतल्या एकालाही ठाऊक नसतं. मग ऐकीव माहिती सुरू होते. कुणी म्हणतो वशिला लागतो, कुणी म्हणतो पुण्याला कोर्स कर, कुणी म्हणतो आता रेडिओ ऐकतं कोण. यवतमाळ जिल्ह्यात या ऐकीव गोष्टींनी बऱ्याच तरुणांची दोन-तीन वर्षं खाल्ली आहेत, म्हणून त्या एकदा नीट तपासून पाहू.

‘त्यासाठी पुण्या-मुंबईलाच जावं लागते’

आकाशवाणीचं यवतमाळ केंद्र 102.7 मेगाहर्ट्झवर लागतं. ही गोष्ट जिल्ह्याला माहीत आहे, पण तिचा अर्थ फारसा कुणी लक्षात घेत नाही. पूर्वी आकाशवाणीची केंद्रं मोठ्या टापूसाठी असत. नागपूर केंद्र 1948 साली सुरू झालं आणि विदर्भ पिढ्यान्‌पिढ्या तेच ऐकत आला. एका जिल्ह्यापुरतं, तिथल्याच माणसांशी बोलणारं ‘स्थानिक केंद्र’ ही कल्पना नंतरची. देशातलं असं पहिलं केंद्र 1984 मध्ये तमिळनाडूतल्या नागरकोविलला निघालं, पुढे महाराष्ट्रातही जिल्ह्याजिल्ह्यांत अशी केंद्रं उभी राहिली. अशा केंद्राचं काम बाहेरून आणलेल्या गोड आवाजावर भागत नाही. गुलाबी बोंडअळी कशी ओळखायची, झरी-जामणीच्या कोलाम पोडावर (वस्तीवर) आरोग्य तपासणी कधी आहे, पुसदच्या बाजारात काय चाललं आहे, हे त्याला लागतं.

2017 च्या हंगामात याच जिल्ह्यात कीटकनाशकाची फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-मजुरांचे जीव गेले. कपाशी डोक्याच्या वर गेली असताना पंप कसा धरायचा, वारा कुठल्या बाजूनं आहे ते का पाहायचं, हे मजुराला त्याच्या बोलीत सांगू शकेल असा माणूस पुण्याच्या स्टुडिओत सापडणं कठीण. जिल्ह्याची ओळख हीच इथली पहिली पात्रता आहे, आणि ती तुमच्याकडे फुकट आहे.

खासगी एफएमचा अनुभव हवा असेल तर मात्र आज नागपूर किंवा अकोला गाठावं लागतं. पत्रकारितेचं शिक्षण घ्यायचं तर भारतीय जनसंचार संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र अमरावतीत आहे, म्हणजे एसटीनं दोन-अडीच तासांवर.

‘आवाज जड पायजे’

हा सगळ्यांत चिवट गैरसमज. रेडिओ निवेदक अमीन सयानींचा आवाज जड नव्हता. 1952 साली सुरू झालेली त्यांची ‘बिनाका गीतमाला’ लोकांनी दशकानुदशकं ऐकली ती त्यातल्या आपलेपणासाठी. स्वरचाचणीत परीक्षक प्रामुख्यानं तीन गोष्टी ऐकतात: उच्चार, श्वास आणि वाचलेलं समजून वाचलं की नाही. आपल्याकडे खरी गोची उच्चारांत होते. वऱ्हाडीत ‘काळा’चा ‘काया’ होतो, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘ण’ हळूच ‘न’ होऊन बसतो. घरी, शेतात, बाजारात ते अगदी बरोबर आहे. शेतीच्या कार्यक्रमात किंवा नाटिकेत तर हीच बोली मुद्दाम लागते. पण उद्घोषणा प्रमाण मराठीत करायची असते. म्हणून दोन्ही बोलता आलं पाहिजे, आणि कुठे कोणतं बोलायचं हेही कळलं पाहिजे. जो वऱ्हाडी विसरून आला, तो केंद्राला निम्म्याच कामाचा.

ज्यांच्या घरी गोरमाटी, गोंडी किंवा कोलामी बोलली जाते त्या मुलांना आपला सूर ‘गावठी’ वाटतो. माझ्या मते या जिल्ह्यात रेडिओसाठी त्यांच्याइतकी जमेची बाजू दुसऱ्या कुणाकडे नाही. तांड्यावरच्या म्हातारीची मुलाखत घ्यायची तर तिच्या भाषेत विचारणारा लागतोच.

‘ऑडिशन निघालं म्हणजे सरकारी नोकरी लागली’

यात माणसं सगळ्यांत जास्त फसतात, म्हणून जरा सविस्तर. केंद्रावर दिवसभर ऐकू येणारे बरेचसे आवाज नैमित्तिक उद्घोषकांचे असतात. केंद्राला गरज पडली की जाहिरात निघते. साधारणपणे पदवी, विशी ते पन्नाशीच्या आतलं वय आणि स्थानिक रहिवास मागितला जातो. आधी लेखी परीक्षा होते, त्यात सामान्यज्ञान, भाषा, साहित्य, संगीत. नंतर स्वरचाचणी, मग मुलाखत. त्यातून पार पडलेल्यांना आकाशवाणी स्वतःच ‘वाणी’ नावाचं प्रशिक्षण देते. ते पूर्ण केलं की नाव पॅनेलवर येतं.

पॅनेलवर येणं म्हणजे हजेरीपटावर येणं नव्हे. ड्युटी मिळेल तेव्हा यायचं, तिचं मानधन घ्यायचं. एका माणसाला महिन्याला सहाच ड्युट्यांची मर्यादा ठेवलेली असते. कायम नोकरीवर यातून कसलाही हक्क येत नाही, हे कागदावर लिहिलेलंच असतं. ते न वाचता सही करणारे पुढे वर्षानुवर्षं ‘आज ना उद्या परमनंट करतील’ म्हणून वाट पाहतात. कार्यक्रम अधिकारी, ट्रान्समिशन एक्झिक्युटिव्ह ही नियमित पदं वेगळ्याच वाटेनं भरली जातात. 2013 मध्ये त्यांची भरती कर्मचारी निवड आयोगाच्या अखिल भारतीय परीक्षेतून झाली. अशी भरती वरचेवर निघत नाही.

मग हे काम करायचं कशाला? करायचं, पण दुसरं काही हातात धरून. शिक्षक, वकील, शेतकरी, दुकानदार, घर सांभाळणाऱ्या बाया अशी माणसं नैमित्तिक उद्घोषणा उत्तम करतात. त्यांचा पोटापाण्याचा धागा दुसरीकडे असतो, म्हणून माइकसमोर त्यांचा जीव टांगणीला लागलेला नसतो. वयाची अट पन्नाशीपर्यंत सैल असते, ही गोष्ट बायांनी विशेष ध्यानात ठेवावी. पोरं शाळेत जाऊ लागल्यावर सुरुवात केली तरी उशीर झालेला नसतो.

आणि सहा ड्युट्यांतही शिकायला पुष्कळ मिळतं. क्यू शीट म्हणजे कार्यक्रमांचा वेळेनुसार क्रम वाचणं, लॉगबुकात प्रत्येक गोष्ट वेळेसकट नोंदवणं, बातम्यांचं सहक्षेपण ठरल्या सेकंदाला जोडणं, आणि जोडणी तुटलीच तर घाबरं न होता दिलगिरी व्यक्त करून गाणं लावणं. शेवटची गोष्ट कुठल्याही वर्गात शिकवून येत नाही.

‘आरजेचा कोर्स केल्याशिवाय घेत नाहीत’

रेडिओत बोलायला कसलंही लायसन्स लागत नाही. आकाशवाणी स्वतःचं प्रशिक्षण देते आणि खासगी केंद्रं नमुना ध्वनिमुद्रण ऐकून ठरवतात. महागडा कोर्स करायला हरकत नाही, पण ‘शंभर टक्के नोकरी’ असं छापणाऱ्याला त्याच्याकडून लागलेल्या मुलांची नावं विचारावीत.

‘रेडिओ म्हणजे बोलणं’

लेखक व्यंकटेश माडगूळकरांचं शाळेचं शिक्षण अर्धवट राहिलं होतं. 1955 च्या सुमारास ते आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ग्रामीण विभागात लागले आणि जवळपास तीस वर्षं तिथे राहिले. खेड्यातला माणूस कसा बोलतो, हे लिहून दाखवण्याची ताकद ही त्यांची शिदोरी होती. रेडिओला बोलणाऱ्यापेक्षा लिहिणारा जास्त लागतो, हे आजही खरं आहे. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही, म्हणून वाक्य लहान हवं आणि आकडे मोजके. पाच मिनिटांच्या भाषणाला पाचशे-सहाशे शब्द पुरतात. कॉलेजच्या निबंधातला ‘प्रस्तुत विषयाच्या अनुषंगाने’ तिथे पहिल्याच फेरीत कापला जातो.

याखेरीज ध्वनिसंपादन आहे, ट्रान्समीटरची आणि स्टुडिओची तांत्रिक कामं आहेत, खासगी केंद्रांत जाहिरात विभाग आहे. तिथे आवाजवाल्यांपेक्षा रांग छोटी असते. बातम्यांकडे ओढा असेल तर आकाशवाणीचे जिल्ह्याजिल्ह्यांत अंशकालीन वार्ताहर असतात. तेही मानधनावरच, पण ज्याला जिल्हा परिषदेपासून बाजार समितीपर्यंत सगळीकडे ऊठबस आहे त्याच्यासाठी ती चांगली पायरी आहे.

‘अनुभव नाही, मग घेणार कोण?’

या कोड्यात अडकलेली पोरं अर्जच करत नाहीत. पण केंद्रावर पहिल्यांदा पाय ठेवायला उद्घोषक व्हायची गरज नसते. युवकांचे कार्यक्रम, कवितावाचन, शेतीच्या चर्चा, महिलांचे कार्यक्रम, फोन-इन यांना बाहेरची माणसंच लागतात. गाणारे-वाजवणारे असाल तर संगीताची स्वरचाचणी वेगळी असते आणि तीत प्रतवारी मिळते. नाटकात काम करणाऱ्यांचीही वेगळी. आपल्याला नीट माहीत असलेल्या एका विषयावर अर्धं पान लिहून कार्यक्रम विभागाला द्यावं. ‘मला संधी द्या’ एवढ्याच ओळीच्या अर्जाचं काय करायचं, हे अधिकाऱ्यालाही कळत नाही. ‘घाटंजीच्या शाळेतल्या मुलांनी विहिरींच्या पाण्याची पातळी मोजली, त्यावर दहा मिनिटं बोलतो’ असं लिहिलं तर निदान पुढचा प्रश्न विचारला जातो.

तोवर घरी तयारी करावी. मोबाइलवर ध्वनिमुद्रण होतं, ‘ऑडॅसिटी’सारखं फुकटचं सॉफ्टवेअर कापाकापीला पुरतं. दोन मिनिटांची उद्घोषणा, कापूस वेचणाऱ्या बाईची पाच मिनिटांची मुलाखत, दत्त चौकातल्या चार जणांची एकाच प्रश्नावरची उत्तरं, एवढं नीट करून ठेवलं तर दाखवायला काही तरी असतं. पंखा बंद करावा आणि गोधडी अंगावर ओढून मुद्रण करावं. हसू येईल, पण गोधडी आवाज घुमू देत नाही. आणि रोज केंद्र ऐकावं. एफएमच्या लहरी सरळ जातात, त्यामुळे डोंगराआडच्या, कडेच्या तालुक्यांत खरखर होऊ शकते. तिथे आकाशवाणीच्या ‘न्यूज ऑन एअर’ अॅपवर ऐकता येतं. जे केंद्र आपण कधी ऐकलंच नाही तिथे मुलाखतीला जाणारे उमेदवार परीक्षकांना दोन मिनिटांत कळतात.

‘आता प्रायव्हेट एफएम येते, त्यावर बातम्या वाचू’

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 234 नव्या शहरांत 730 खासगी वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली आणि त्या यादीत यवतमाळचं नाव आहे. मंजुरीनंतर लिलाव, मग परवाना, मग उभारणी. छोट्या शहरात जाहिरातीचं गणित जमतं की नाही हे बोली लावणारा आधी पाहतो. त्यामुळे या भरवशावर हातचं काम सोडू नये. आणि आलीच वाहिनी, तरी खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, स्थानिक कार्यक्रम अशी माहिती सांगता येते. बातम्याच वाचायच्या असतील, तर आकाशवाणीच्या नागपूर, पुणे, मुंबई यांसारख्या प्रादेशिक वृत्तविभागांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं.

‘नाही तर आपलंच स्टेशन काढू’

हेही झालेलं आहे. बिहारमधल्या मन्सूरपूरच्या राघव महतोनं दुरुस्तीच्या दुकानातून किरकोळ खर्चात एफएम ट्रान्समीटर बनवला. आसपासची गावं त्यावरची गाणी आवडीनं ऐकत, बातमी जगभर गेली, आणि 2006 मध्ये परवाना नाही म्हणून ते केंद्र बंद करण्यात आलं. ऑनलाइन मागवलेला ट्रान्समीटर गच्चीवर लावणाऱ्यालाही हाच कायदा लागू आहे. पॉडकास्टला मात्र परवाना लागत नाही, हौस तिथे खुशाल भागवावी.

कायदेशीर वाट सामुदायिक रेडिओची आहे. 2006 च्या धोरणापासून शिक्षणसंस्थांबरोबर स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही तो चालवता येतो. प्रसारणाची प्रभावी ताकद (ईआरपी) शंभर वॉटपर्यंत, अँटेना तीस मीटरपर्यंत, ऐकू येण्याचा घेर साधारण दहा-पंधरा किलोमीटर, आणि निम्मे तरी कार्यक्रम तिथेच तयार केलेले हवेत. सातारा जिल्ह्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ 2008 पासून असा चालतो. ओव्या-गाणी म्हणणाऱ्या केराबाई सरगर तिथल्या आरजे म्हणून नावारूपाला आल्या. आपल्या शेजारच्या आजच्या तेलंगणात ‘संघम रेडिओ’ त्याच वर्षी सुरू झाला, तो दलित शेतकरी बायांनी चालवला.

असा परवाना एकट्या माणसाला मिळत नाही. स्वयंसेवी संस्था असेल तर तिचं किमान तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. यवतमाळात कृषी विज्ञान केंद्र आहे, जिल्ह्यात महाविद्यालयांची कमी नाही. पोरांनी कितीही कार्यक्रम तयार करून ठेवले तरी दिल्लीला जाणाऱ्या अर्जावर सही प्राचार्यांची किंवा संस्थेच्या सचिवांची लागते. तेव्हा पहिलं ऑडिशन त्यांच्या केबिनमध्ये द्यावं लागेल.